नुसत्या किकवर करिअर होतं का? हाझेम एल मासरीबद्दल माहिती पाहिजे

जिंतूरचा मामा:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे पण इथं खेळातली जाणकार माणसं बरीच आहेत म्हणून टाकायलो. माझा भाचा परभणीला हॉस्टेलवर राहून नववीत शिकतोय. दोन वर्षं फुटबॉल खेळला, आन मागच्या जूनपासून त्यांच्या सरांनी रग्बी चालू केलंय. पोरगं अंगानं काटकुळं, धडक बसली की लांब जाऊन पडतं, पण त्या लांबुळक्या बॉलला लाथ अशी मारतं की ग्राउंडवरची बाकीची पोरं थांबून बघत राहतात (हे मला त्याच्या सरांनी सांगितलं, तो स्वतः कधी बोलत नाही). दिवाळीला घरी आला तर दिवसभर मोबाईलवर एकाच खेळाडूचे व्हिडिओ. हाझेम एल मासरी नावाचा, ऑस्ट्रेलियाचा, निळ्या-पांढऱ्या ड्रेसातला. मैदानाच्या पार कडेला बॉल ठेवतो, मागं येतो, थांबतो, बघतो, आन मारतो. बॉल वळत वळत त्या दोन खांबांच्या मधून जातो. मी बी बसलो बघत, अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

तर भाचा आता म्हणायलाय, मामा मला टॅकल बिकल (धडकून पाडणं) करायचं नाही, मी फक्त किक मारणार, हा माणूस बी किकवरच मोठा झाला. ताई घाबरलीय, पुढच्या वर्षी दहावी. दाजी शेतात कापूस वेचणीच्या गडबडीत, ते म्हणतात तूच बघ काय ते. म्हणून विचारतो, हा एल मासरी नेमका कोण, खरंच फक्त किकवर मोठा झाला का, आन ह्या खेळात किकचा हिशोब कसा असतो. कोणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा, मी वाचून त्याला फोनवर सांगणार आहे.

---

अंबाजोगाईकर:

मामा, तुमचा प्रश्न वाचला आन राहवलं नाही, हा माणूस माझ्या फार जवळचा विषय आहे. मी २००७ ते २०११ सिडनीत होतो शिकायला, आन भाडं परवडतं म्हणून आम्ही चार पोरं लाकेम्बा नावाच्या भागात एका खोलीत राहायचो. तिथं लेबनॉनची लोकं लई, रस्त्यावर अरबी पाट्या, आन पुढचं रेल्वे स्टेशन म्हणजे बेलमोर. बेलमोरला ह्या एल मासरीच्या क्लबचं, कँटरबरी बुलडॉग्जचं, जुनं ग्राउंड. चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्या दुकानांत निळे-पांढरे झेंडे. मला त्या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं तेव्हापासून हे नाव कानावर आहे.

पहिलं एक सांगतो म्हणजे घोळ होणार नाही. रग्बीचे दोन वेगळे खेळ आहेत, युनियन आन लीग. १८९५ ला इंग्लंडात हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांची मीटिंग झाली, खाणीत-गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंना खेळापायी बुडालेल्या रोजाचे पैसे द्यायचे का नाही ह्यावरून मोडलं, आन ते क्लब वेगळे झाले. त्यातून पुढं लीग झालं. लीगमध्ये १३ खेळाडू, युनियनमध्ये १५. एल मासरी लीगवाला. सिडनीत लीग म्हणजे आपल्याकडं क्रिकेट तसं.

आता माणूस. जन्म १९७६, लेबनॉनमधलं त्रिपोली शहर. तिथं तेव्हा यादवी चालू होती, १९७५ पासून १९९० पर्यंत चालली, म्हणजे पोराचं अख्खं बालपण त्यातच. घरचे १९८८ ला सिडनीला आले. बारा वर्षांचं पोरगं, नवा देश, नवी भाषा. तो मूळचा फुटबॉलचा, तुमच्या भाच्यासारखाच. लीग त्यानं बेलमोरच्या शाळेत असताना धरलं, ते बी उशिरा. तिथली बाकी पोरं पाच-सहा वर्षांची असल्यापासून तो बॉल काखेत घेऊन फिरतात, आन हा मोठा झाल्यावर शिकायला उभा राहिला. तरी १९९६ ला बुलडॉग्जच्या मेन टीममध्ये आला, आन २००९ ला रिटायर होईपर्यंत ह्याच क्लबकडून खेळला. १४ सीझन, एकच क्लब, ३१७ मॅच. पैशासाठी इकडून तिकडं जाणं तिथं रोजचंच आहे, त्यामुळं लोकांना त्याचं जास्तच वाटायचं.

२००२ ची गोष्ट तिथले लोक अजून काढायचे. टीम टेबलात सगळ्यात वर होती, लागोपाठ १७ मॅच जिंकलेल्या, आन मग निघालं की क्लबनं खेळाडूंना ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे वाटलेत. ३७ पॉइंट कापले, टीम वरून थेट शेवटच्या नंबरला. चूक वरच्या माणसांची, भोगलं मैदानावरच्यांनी. आमच्या खालच्या मजल्यावरचा एक म्हातारा लेबनीज सांगायचा की त्या आठवड्यात गल्लीत कोणाच्या घरी मयत झाल्यासारखं वातावरण होतं. मग दोन वर्षांनी २००४ ला हीच टीम फायनल जिंकली, सिडनी रूस्टर्सला १६-१३ नं हरवून. त्या सीझनला एल मासरीनं एकट्यानं ३४२ पॉइंट केले, एका सीझनचा रेकॉर्ड.

मी स्वतः बघितलं ते २००९. सीझनच्या सुरुवातीलाच त्यानं अँड्र्यू जॉन्सचा सगळ्यात जास्त पॉइंटचा रेकॉर्ड मोडला. आन शेवटची मॅच सप्टेंबरमधली, पॅरामाटाविरुद्ध, जिंकले असते तर फायनल. ७४,५४९ लोक स्टेडियममध्ये. आमच्याकडं तिकिटाला पैसे नव्हते, आम्ही एका मटणाच्या दुकानात उभं राहून बघितली, दुकानदारानं टीव्ही काउंटरवर आणून ठेवलेला. २२-१२ नं हरले. मॅच संपली तरी कोणी हललं नाही, दुकानदारानं सुरी खाली ठेवली आन टीव्हीकडं बघत नुसता उभा राहिला. मला त्या दिवशी कळलं की ह्या लोकांसाठी तो नुसता खेळाडू नव्हता. पळून आलेल्या माणसांचं पोरगं, त्यांच्याच नावाचं, त्यांच्याच धर्माचं, आन अख्खं ऑस्ट्रेलिया त्याच्यासाठी टाळ्या वाजवतंय.

किकचं पुढं कोणी मास्तर माणूस सांगेल तर बरं, मला बघायला येतं, समजावता येत नाही.

---

उदगीरचे पीटी सर:

मामा, मी वीस वर्षं शाळेत खेळ शिकवतो, मागची सहा वर्षं रग्बी बी घेतो. किकचं मी सांगतो.

लीगमध्ये बॉल घेऊन पलीकडच्या रेषेपल्याड जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ४ पॉइंट. ट्राय झाला की एक किक मिळते, ती दोन खांबांच्या मधून आन आडव्या दांडीच्या वरून गेली की आणखी २. समोरच्यानं फाउल केला तर पेनल्टीची किक, तिचे बी २. चालू खेळात बॉल जमिनीवर टप्पा देऊन मारलेली ड्रॉप किक, तिचा १. खांबांमधलं अंतर साडेपाच मीटर, दांडी जमिनीपासून ३ मीटरवर. आता खरी मेख ऐका. ट्राय जिथं टेकवला, त्याच्या सरळ रेषेतच मागं येऊन किक मारायची. खांबांच्या मधोमध टेकवला तर किक सोपी. पण कोपऱ्यात टेकवला तर किक बी पार कडेच्या रेषेवरून.

मी पोरांना हे फळ्यावर काढून दाखवतो. मैदान ६८ मीटर रुंद, म्हणजे कडेपासून खांबांचा मध्य ३४ मीटर. समजा कडेला राहून फक्त १० मीटर मागं आलात तर खांबांमधलं ते साडेपाच मीटरचं दार तिरपं झाल्यामुळं डोळ्याला दीड मीटरचंच दिसतं. २५ मीटर मागं या, दार साधारण सव्वातीन मीटरचं होतं, पण बॉलला आता ४२ मीटर जायचंय. अजून मागं गेलात तर दार आणखी उघडतं पण पायात तेवढा जोर पाहिजे. प्रत्येक किकरची स्वतःची एक जागा असते, त्याच्या पायाला झेपेल आन दार बी पुरेसं उघडेल अशी, आन ती हजारो किक मारूनच सापडते. दुसऱ्याला विचारून नाही सापडत.

आता एल मासरी विंगर होता. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा. म्हणजे त्याचे स्वतःचे ट्राय बहुतेक कोपऱ्यातच व्हायचे. पळत यायचं, अंगावर दोघं घेऊन कोपऱ्यात झेप घ्यायची, उठायचं, छाती भात्यासारखी चाललीय, आन त्याच कोपऱ्यातून सगळ्यात अवघड किक स्वतःच मारायची. मला त्याच्या किकमधलं सगळ्यात जास्त हेच भावतं. तो मारण्याआधी जे थांबतो ना, भाच्यानं व्हिडिओत बघितलं असेल, तो श्वास खाली बसवायलाय. पोरं ते स्टाइल म्हणून कॉपी करतात. ती स्टाइल नाही, ते काम आहे.

त्याला शिकवणारा माणूस बी सांगतो, डॅरिल हॅलिगन. न्यूझीलंडचा, ह्याच क्लबचा ह्याच्या आधीचा किकर, तो बी विंगर. १९९८ ला पॅरामाटाविरुद्ध टीम १८-२ अशी मागं होती, शेवटची दहा-बारा मिनिटं राहिलेली, तिथून ट्राय होत गेले आन हॅलिगननं कडेवरून एकामागं एक दोन किक घातल्या, १८-१८. मग जादा वेळात ३२-२० नं जिंकले. हॅलिगन २००० ला रिटायर झाला आन पुढं एल मासरीच्या किकवर त्यानंच मेहनत घेतली. एका किकरनं आपली जागा घेणाऱ्याला सगळं शिकवलं आन त्या पोरानं त्याचे आकडे बी ओलांडले. मला तर हे वाचूनच बरं वाटलं होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, आन हे भाच्याला जसंच्या तसं सांगा. नाही. नुसत्या किकवर होत नाही. तेरा जणांत फक्त किक मारायला एक माणूस ठेवायला जागाच नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये तसा माणूस असतो, किकपुरता आत येतो, मारतो, बाहेर जातो. लीगमध्ये किकर अगोदर खेळाडू. हॅलिगन, एल मासरी विंगर, अँड्र्यू जॉन्स हाफबॅक, कॅमेरॉन स्मिथ हूकर. ऐंशी मिनिटं पळायचं, टॅकल करायचं, टॅकल खायचं, आन मग किक.

---

आकडेमोड नांदेड:

सरांचं म्हणणं आकड्यांत बघा. एल मासरीचे करिअरचे एकूण पॉइंट २४१८. त्यात ट्राय १५९, गुणिले ४ म्हणजे ६३६. गोल, म्हणजे आत गेलेल्या किक, ८९१, गुणिले २ म्हणजे १७८२. म्हणजे किकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचे चौथा हिस्सा पॉइंट तर पळून, धडक खाऊन, बॉल टेकवून आलेत. २००४ चा रेकॉर्ड सीझन घ्या, १३९ गोल आन १६ ट्राय. १६ ट्राय हे नुसत्या विंगरसाठी बी चांगलेच म्हणायचे.

आन त्या २००४ च्या फायनलचा हिशोब मी कितीदा तरी मांडलाय, दर वेळी मजा येते. बुलडॉग्जचे ट्राय तीन, मॅट उताईचे दोन आन एक स्वतः एल मासरीचा. तीन ट्राय म्हणजे १२. रूस्टर्सचे ट्राय दोनच, ८, पण त्यांच्या दोन किक बसल्या आन वर एक ड्रॉप गोल, झाले १३. म्हणजे एल मासरीच्या किक काढून टाकल्या तर तीन ट्राय करून बी बुलडॉग्ज १२-१३ नं हरलेले. एल मासरीच्या दोन किकनं १६ झाले. जास्त ट्राय करणारी टीम हरता हरता वाचली ती त्या चार पॉइंटांवर.

त्याच्या किकचं सातत्य बी बघा, करिअरभर शंभरातल्या ऐंशीच्या वर आत, आन एकदा लागोपाठ ३५ किक न चुकता. सरांनी सांगितलेलं ते दीड मीटरचं दार लक्षात ठेवून हा आकडा परत वाचा.

फक्त एक दुरुस्ती भाच्याच्या कानावर घाला. सगळ्यात जास्त पॉइंटचा रेकॉर्ड आता एल मासरीचा नाही. २०१९ ला मेलबर्न स्टॉर्मच्या कॅमेरॉन स्मिथनं मोडला, त्याचे शेवटी २७८६ झाले. माझ्या मते मोठा किकर स्मिथच.

---

अंबाजोगाईकर:

नांदेडकर भाऊ, आकडे तुमचेच घेतो. स्मिथच्या मॅच ४३०, एल मासरीच्या ३१७. भागाकार करा, स्मिथचे मॅचमागं साडेसहाच्या आसपास, एल मासरीचे साडेसातच्या वर. स्मिथ मोठाच खेळाडू, पूर्ण खेळ त्याच्या डोक्यातून चालायचा, त्यात वाद नाही. पण किक घालायला माझ्या जिवावर कोणाला उभं करू म्हटलं तर मी एल मासरीलाच करणार.

---

आकडेमोड नांदेड:

मॅचमागं बघितलं तर मान्य. पण मग तेवढ्यावरच थांबू नका, इंग्लंडात खेळलेला जिम सुलिव्हन बघा. कार्डिफचं पोरगं, १९२१ ला सतराव्या वर्षी विगनला गेलं. करिअरमध्ये २८६७ गोल, ६०२२ पॉइंट. १९२५ ला एका मॅचमध्ये २२ गोल, फ्लिम्बी अँड फॉदरगिल नावाच्या छोट्या टीमविरुद्ध, स्कोअर ११६-०. तेव्हा बॉल चामड्याचा, पाऊस पडला की पाणी पिऊन जड व्हायचा. काळ वेगळा, समोरच्या टीम वेगळ्या, तुलना सरळ होत नाही हे मला कळतं, तरी २८६७ वेळा बॉल त्या दारातून घालणं ह्यापुढं मी हात जोडतो.

---

गेवराईचा गणेश:

सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण मामा मी जरा खालच्या जमिनीवरचं बोलतो, राग नसावा. ऑस्ट्रेलियातलं ते ऑस्ट्रेलियात. आपल्याकडं हा लीगचा खेळ आहे कुठं? मी स्वतः कबड्डी खेळलो, राज्य पातळीपर्यंत गेलो, आन नोकरीच्या वेळी कागद पुरे नाहीत म्हणून एका कार्यालयात दीड वर्ष फिरलो. पोराला आधी कोणत्या खेळाचं सर्टिफिकेट कुठं चालतं ते बघा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावीला खेळाचे वाढीव गुण बी मिळतात, पण खेळ यादीत पाहिजे, स्पर्धा मान्यतेची पाहिजे. हे सगळं बघून मग पोराला मोकळं सोडा. ताईची काळजी खोटी नाही.

---

उदगीरचे पीटी सर:

गणेश, तुझं बरोबर आहे आन हे कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं. मामा, शाळेतल्या सरांकडून प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट त्याच आठवड्यात हातात घ्या आन झेरॉक्स ताईकडं ठेवा. मी माझ्या पोरांच्या फाइली स्वतः लावतो.

आन खेळाचं म्हणाल तर आपल्याकडं जे रग्बी खेळलं जातं ते युनियन, त्यात बी जास्त करून सेव्हन्स, सात-सात जणांचं, सात मिनिटांचे दोन हाफ. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये तेच आहे, २०२५ ला मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली ती बी सेव्हन्सचीच. भाच्याच्या कामाची गोष्ट अशी की सेव्हन्समध्ये ट्रायनंतरची किक बॉल ठेवून मारता येत नाही, ड्रॉप किकच मारावी लागते, हातातून सोडायचा, टप्पा पडला न पडला की पाय. त्यामुळं एल मासरीसारखी ठेवलेली किक शिकायची ती डोकं आन पाय तयार करायला, आन त्याच्या जोडीला रोज ड्रॉप किक. पंधरा जणांच्या युनियनमध्ये मात्र ठेवलेल्या किकला लीगपेक्षा जास्त भाव आहे, पेनल्टीचे तिथं ३ पॉइंट.

ग्राउंडचं म्हणाल तर माझ्या शाळेचं ग्राउंड काळ्या मातीचं, एप्रिलमध्ये भेगा अशा की बॉल अर्धा आत जातो. बॉल ठेवायचा प्लास्टिकचा स्टँड पहिल्या वर्षी माझ्याकडं नव्हता. मग मला कळलं की पूर्वी तिकडं मोठमोठ्या मॅचमध्ये बी किकरला वाळू आणून द्यायचे, तो वाळूचा छोटा ढीग करून वर बॉल उभा करायचा. मी नदीची वाळू एक बादली आणून ठेवली. माझी पोरं अजून वाळूवरच शिकतात, आन मला उलट ते बरं वाटतं, कारण ढीग करताना पोरगं आपोआप शांत होतं.

---

बीडची सबा:

मला रग्बीतलं काही माहिती नाही, पण हे नाव आमच्या घरात माहिती आहे. माझ्या मामूंनी सांगितलं होतं की मसरी म्हणजे मिसरचा, इजिप्तचा. आणि माझा भाऊ त्याला वेगळ्या कारणानं मानतो, तो रमजानमध्ये रोजे धरून खेळायचा म्हणून.

अंबाजोगाईकर दादांनी २००९ च्या सप्टेंबरचं लिहिलं ते वाचून मी कॅलेंडर काढून बघितलं. त्या वर्षी रमजान ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी लागला आणि सप्टेंबरच्या २० च्या आसपास ईद झाली. म्हणजे त्याच्या करिअरचा सगळ्यात शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा महिना हा रोज्यांचा महिना होता. तिकडं तेव्हा थंडी सरत आलेली असते, सूर्य साडेपाच-सहाला मावळतो, त्यामुळं रात्रीची मॅच असली तर इफ्तार करून खेळता येत असेल, पण दुपारची असली तर तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि समोर शंभर-शंभर किलोची माणसं. आणि मग ती किक.

माझा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटर. मागच्या रमजानला तो असरच्या नमाजनंतर पळायला जायचा, रोजा सुटायला तास-दीड तास राहिलेला असायचा, अम्मी दारात उभी राहायची. मी त्याला विचारलं की एवढा त्रास का करतोस, महिनाभर थांब ना. तर म्हणाला, ताई, भरतीची तारीख कोणाचा रोजा बघून येत नाही, आणि मला हे बघायचंय की दमल्यावर माझे पाय माझं ऐकतात का. सरांनी श्वास खाली बसवण्याचं लिहिलं ना, ते मी त्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, मोबाईल घेऊन दोनदा वाचलं.

तो २००० च्या वर्ल्ड कपला लेबनॉनकडून खेळला होता ना? कोणाला माहिती असेल तर लिहा, मला भावाला सांगायचंय.

---

अंबाजोगाईकर:

हो सबाताई, खेळला. लेबनॉनचा तो पहिलाच वर्ल्ड कप होता. टीममध्ये बहुतेक पोरं सिडनीचीच, आई-बापाच्या देशासाठी खेळलेली. न्यूझीलंडनं ६४-० नं धुतलं, पण वेल्सविरुद्ध २४-२२, फक्त दोन पॉइंटनं हरले, आन कुक आयलंड्सविरुद्ध २२-२२ बरोबरी. पुढं २००२ ला ऑस्ट्रेलियाकडून एक टेस्ट, आन २००७ ला न्यू साउथ वेल्सकडून स्टेट ऑफ ओरिजिनची एक मॅच. ही ओरिजिन म्हणजे तिकडं वर्ल्ड कपपेक्षा जास्त मानाची, न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड. त्याला ती टोपी मिळाली तेव्हा वय ३१. एवढे पॉइंट करून एवढी वर्षं बाहेर ठेवलं होतं, मला वाटतं अन्यायच झाला, पण तो दर शनिवारी-रविवारी क्लबसाठी उतरतच राहिला. ती एक मॅच न्यू साउथ वेल्स जिंकलं. मी नुकताच सिडनीत गेलो होतो तेव्हा, आमच्या गल्लीत त्या रात्री हॉर्न वाजत होते आन मला कारण माहीत नव्हतं.

तुमच्या भावाला माझ्याकडून शुभेच्छा सांगा.

---

जिंतूरचा मामा:

सगळ्यांचे लई लई आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी हे सगळं कागदावर उतरवून काढलं आन रविवारी परभणीला गेलो, फोनवर सांगण्यापेक्षा समोर बसून वाचलं बरं म्हणून.

आधी ते नुसत्या किकवर होत नाही हे वाचलं. तोंड पडलं पोराचं. मग नांदेडकरांचा हिशोब दाखवला, १५९ ट्राय, तो त्यानं स्वतः पेनानं परत करून बघितला. ६३६ आन १७८२. मग बराच वेळ गप. मग विचारलं, मामा, हा बी फुटबॉलच खेळायचा का आधी? म्हटलं हो. उशिरा शिकला का? म्हटलं हो. तेवढंच विचारलं.

गणेशभाऊ, तुमचं लिहिलेलं ताईला वाचून दाखवलं, तिला सगळ्यात जास्त तेच पटलं. सरांना भेटून मागच्या स्पर्धेचं सर्टिफिकेट घेतलं, दोन झेरॉक्स काढल्या, एक ताईकडं एक माझ्याकडं. दहावीपर्यंत सकाळी खेळ आन संध्याकाळी अभ्यास असं ठरलंय, त्याच्यापुढं मग बघू.

संध्याकाळी आम्ही दोघंच ग्राउंडवर गेलो. फुटबॉलचे खांब होते त्यांना दोन्हीकडून उंच बांबू बांधले, अंतर साडेपाच मीटर नाही, फुटबॉलचा गोल सातच्या वर असतो, म्हणून एक बांबू आत घेतला. टेप लावून ६८ मीटर मोजले, कडेला फक्कीनं रेष मारली. वाळू मी जिंतूरहून पिशवीत घेऊनच गेलो होतो. उदगीरच्या सरांनी म्हटलं तसं आधी १० मीटरवर उभं राहून त्यानं बघितलं, खरंच दार दिसेना. मग मागं मागं येत गेला आन २२ मीटरवर थांबला, म्हणला इथं. मी तिथं एक खुंटी ठोकली.

आधी मी त्याला मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या, जोरात, छाती फुलेपर्यंत, आन मगच बॉल दिला. २० मारल्या. समोरून मारतो तेव्हा वीसातल्या सोळा-सतरा जातात, कडेवरून ३ गेल्या. एक बांबूला लागून बाहेर. अंधार पडला तरी तो वाळूचा ढीग करतच होता, बॉल दिसेना तेव्हा थांबला. टॅकलचं मी काही काढलं नाही. हॉस्टेलच्या गेटपाशी आल्यावर त्यानंच विचारलं, मामा, सरांना सांगू का मला उद्यापासून टॅकलच्या रांगेत घ्या म्हणून.

खुंटी तशीच ठेवलीय. पुढच्या रविवारी परत जाणार आहे, किती गेल्या ते लिहितो.